कॅसेटवरचा संगणक : लॅमिंग्टन रोड, गिरगाव आणि हौशी मंडळींचा इतिहास

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. सवडीने वाचावा.

मुंबईतील संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटला की त्याचे टप्पे ठरलेले असतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेला टिफ्रॅक, त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६००, १९६८ मध्ये स्थापन झालेली टीसीएस, १९७८ मध्ये आयबीएमने गुंडाळलेला भारतातील कारभार. हे सारे खरे आणि महत्त्वाचे आहे. परंतु हा वातानुकूलित दालनांचा इतिहास आहे. त्यात यंत्रे संस्थांची असतात, माणसे पदांवर असतात आणि कागदपत्रे जपलेली असतात.

याच शहरात संगणकाचा आणखी एक इतिहास घडला. दहा बाय बाराच्या खोलीत, घरातल्या टीव्हीला वायर जोडून, गाण्यांच्या टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम चढवून. त्यातली माणसे कोणत्याही पदावर नव्हती. एकाला अडले की तो दुसऱ्याकडे जाई आणि दुसऱ्याला ठाऊक नसे तेव्हा दोघे मिळून तिसऱ्याकडे जात. या साखळीचे दफ्तर कुठेही ठेवलेले नाही. जे आहे ते चुंबकीय फितींवर आहे, आणि त्या फिती झपाट्याने मुक्या होत आहेत.

प्रथम थोडे मागे जाऊ, कारण यंत्राशी खेळणाऱ्या हौशी माणसांची परंपरा मुंबईला संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. भारतातील पहिल्या रेडिओ प्रसारणांचे श्रेय सरकारला जात नाही. ते जाते हौशी मंडळींच्या क्लबांना. जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने प्रसारण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी.

पुढे १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले काँग्रेस रेडिओ आपणांस ठाऊक आहेच. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले. पाठ्यपुस्तकात शौर्य सांगितले जाते, तंत्र सांगितले जात नाही. महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचे परवाने स्थगित झाले होते. अशा काळात प्रक्षेपक उभा करण्यासाठी सुटे भाग जुळवणारे हात लागले, ते नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या तंत्रज्ञांचे होते. पाळतीमुळे हा प्रक्षेपक चौपाटी, गिरगाव या परिसरात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावा लागे. चौपाटीपासून लॅमिंग्टन रोड चालत पोहोचण्याच्या अंतरावर आहे, हे नकाशावर पाहून ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याचे नाव बदलून अनेक दशके लोटली, पण रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यापर्यंत कुणीही लॅमिंग्टन रोडच म्हणतो. एके काळी हा सिनेमाचा रस्ता होता. मिनर्व्हा, नाझ, स्वस्तिक ही चित्रगृहे इथलीच, आणि चित्रपट वितरकांच्या कचेऱ्याही इथेच. त्याच रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, स्पीकर, वायरी यांची दुकाने वाढत गेली. रेडिओची दुरुस्ती करणारा, चाळीच्या गणेशोत्सवाला लाउडस्पीकर जोडून देणारा, डिप्लोमाचा प्रकल्प करणारा, हे सारे एकाच काउंटरपुढे उभे असत. गिरगावच्या मुलाला ‘रोधक’ हा शब्द शाळेत कळे, पण रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्या वाचायला तो इथे शिके.

आता मूळ विषय.

२३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. १६ के स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना, ४८ के स्मृतीचे १७५ पौंडांना. झेड-८० जातीचा प्रोसेसर, गती ३.५ मेगाहर्ट्झ, रबरी कळा, आणि आकार इतका लहान की दप्तरात सहज मावावा. पडदा नाही, डिस्क नाही. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही वापरायचा आणि डिस्कच्या जागी घरातला कॅसेट रेकॉर्डर.

हे यंत्र भारतासारख्या देशात रुजायला तीन गोष्टी अनुकूल होत्या. पहिली म्हणजे वीज. इंग्लंडचा आणि आपला पुरवठा जवळपास सारखा, ५० हर्ट्झचा. अमेरिकी यंत्रांना ट्रान्सफॉर्मर लागे, याला लागत नसे. दुसरी, दोन्ही देशांची रंगीत चित्रपद्धती पाल हीच. तिसरी गोष्ट मला सर्वांत गमतीची वाटते. इंग्लंडच्या आणि आपल्या टीव्हीत ध्वनीच्या वाहक लहरीचे अंतर वेगळे असते, त्यामुळे तिकडचे उपकरण इकडे जोडले तर चित्र दिसते पण आवाज बिघडतो. स्पेक्ट्रममध्ये ही अडचण उद्भवतच नव्हती. त्याचा आवाज टीव्हीतून यायचा नसून यंत्राच्या पोटातल्या छोट्या बझरमधून यायचा. काटकसरीसाठी केलेली रचना इथे वरदान ठरली.

चौथी गोष्ट मात्र प्रतिकूल होती. स्पेक्ट्रमचा संकेत युएचएफ पट्ट्यात, ३६ व्या चॅनलवर निघे. मुंबई दूरदर्शन मात्र २ ऑक्टोबर १९७२ पासून व्हीएचएफ पट्ट्यात दिसत आले होते, आणि त्या काळच्या पुष्कळशा कृष्णधवल संचांना युएचएफचा ट्यूनरच नसे. म्हणजे परदेशातून नातेवाइकाने मोठ्या कौतुकाने आणलेले यंत्र जोडावे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसाव्यात. यावर इलाज दोन. मध्ये संकेत बदलणारा कन्व्हर्टर बसवायचा, किंवा यंत्र उघडून मॉड्युलेटरच्या आधीच्या टप्प्यावरून चित्राचा मूळ संकेत वायरीने बाहेर काढायचा आणि तो मॉनिटरला किंवा व्हिडिओचे इनपुट असलेल्या संचाला द्यायचा. दुसरा इलाज स्वस्त, पण त्यासाठी सोल्डरिंग करता येणारा माणूस हवा. इथे लॅमिंग्टन रोडची विद्या कामाला येते. संगणकाचे ज्ञान नसलेला टीव्ही मेकॅनिकसुद्धा हे काम करू शकत होता, कारण त्याच्या दृष्टीने तो चित्राच्या संकेताचा प्रश्न होता आणि ते संकेत तो रोज हाताळत होता.

आता कॅसेट. आजच्या वाचकाला हे समजावून सांगावेच लागेल. प्रोग्राम ध्वनीच्या रूपात फितीवर साठवलेला असे. LOAD ही आज्ञा द्यायची आणि टेपरेकॉर्डरचे प्ले बटण दाबायचे. आधी एक लांब शिट्टी, तेव्हा पडद्याच्या कडेला लाल व आकाशी पट्टे. मग खरखर, आणि पट्टे निळे-पिवळे. पूर्ण ४८ के भरायला चार ते पाच मिनिटे लागत. शेवटच्या सेकंदाला एक बिट जरी चुकला तरी पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ असे उमटे आणि पुन्हा पहिल्यापासून. हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो अजून आठवतो. फॅक्स यंत्राला सर्दी झाली तर जसा आवाज येईल, तसा.

या एका चुकीभोवती दुरुस्तीचे एक संपूर्ण लोकशास्त्र तयार झाले, आणि ते जवळजवळ सगळे तोंडी होते. आवाज पाऊण पट्टीवर ठेवा, पूर्ण नको. ट्रेबल वाढवा, बेस कमी करा. हेडवर साचलेली तपकिरी भुकटी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. सेव्ह करताना ‘इअर’ची वायर काढून ठेवा, नाहीतर आवाज फिरून परत येतो. सेव्ह झाल्यावर VERIFY करून पाहिल्याशिवाय यंत्र बंद करू नका. एवढे करूनही प्रोग्राम चढत नसेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवा. याला अझिमथ जुळवणे म्हणतात. ज्या रेकॉर्डरवर फीत भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला पाहिजे. आवाज सर्वांत तीक्ष्ण लागेल तिथे थांबायचे. म्हणजे हे काम कानाने करायचे, तंबोरा लावावा तसे.

याचा एक परिणाम इतिहासकाराने टिपावा असा आहे. दुसऱ्याच्या कॅसेटसाठी हेडचा कोन बदलला की आपल्या जुन्या कॅसेट चढेनाशा होत. म्हणून एकमेकांत फिती वाटून घेणाऱ्या मित्रांचे रेकॉर्डर हळूहळू एकमेकांशी जुळत जात. कोण कोणाकडून प्रोग्राम घेत होता, याची खूण त्या स्क्रूच्या कोनात शिल्लक असू शकते. संशोधकाला इतके मजेदार साधन क्वचितच मिळते. अर्थात अजून कुणी ते वापरलेले माझ्या पाहण्यात नाही.

प्रोग्राम मिळत कुठून? एक मार्ग म्हणजे दोन खणांचा टेपरेकॉर्डर. गाण्यांच्या कॅसेटची जशी नक्कल होई, तशी याचीही. दुसरा मार्ग मासिकांचा. ‘सिंक्लेअर युजर’, ‘क्रॅश’, ‘युअर सिंक्लेअर’ या ब्रिटिश मासिकांच्या काळात प्रोग्राम छापील स्वरूपातही येत. पानेच्या पाने बेसिकच्या ओळी, त्या हाताने टंकायच्या. परदेशी मासिकांचे जुने अंक शहरात फिरत फिरत फाउंटनच्या पदपथावर पोहोचत. एखादा अंक एकाच्या हाती लागला की त्यातली यादी वहीत उतरवून घेतली जाई. मुद्रणदोष असला तर प्रोग्राम चालत नसे, आणि दुरुस्ती पुढच्या अंकात येई. तो पुढचा अंक आपल्या हाती येईलच याची शाश्वती नाही. मग दोष स्वतः शोधावा लागे. त्या पिढीतील अनेक जण प्रोग्रामिंग शिकले ते असे दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करताना, असे मला वाटते.

मराठी वाचकाने थांबून पाहावी अशी एक गोष्ट इथे आहे. स्पेक्ट्रमच्या कळफलकावर प्रत्येक कळीवर बेसिकचे शब्द छापलेले असत. ओळीच्या आरंभी ‘पी’ दाबले की पूर्ण PRINT हा शब्द उमटे, ‘जी’ दाबले की GO TO. शब्दांचे स्पेलिंग करावे लागतच नसे. ही सोय मूळची स्मृती वाचवण्यासाठी होती. परंतु मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलासाठी तिचा अर्थ निराळा होता. इंग्रजीत वाक्य न लिहिता, चित्रे ओळखावीत तसे शब्द ओळखून त्याला यंत्राशी बोलता येत होते. इंग्रजीची भिंत पडली नाही, पण तिला एक खिडकी मिळाली.

आणि देवनागरी? स्पेक्ट्रममध्ये वापरकर्त्याला स्वतःची २१ चिन्हे घडवता येत. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत, शून्य आणि एक लिहून. आलेखाच्या कागदावर ‘क’ काढून पाहा. सर्वांत वरची ओळ शिरोरेषेला जाते, वेलांटीला वर जागा उरत नाही, उकाराला खाली उरत नाही. आणि नुसती व्यंजनेच तीसहून अधिक, चिन्हे मात्र एकवीस. स्वतःचे नाव पडद्यावर उमटवता येई, पत्र लिहिता येत नसे. हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटाकडे तो पुन्हा येईल.

स्पेक्ट्रमचे भारतीय रूप महाराष्ट्रातच आले. पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. १९९० पर्यंत त्याची काही हजार यंत्रे विकली गेली. त्याच १९८६ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा व्यवसाय ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला होता. म्हणजे तिकडे एक पर्व संपत असताना इकडे ते सुरू होत होते. काही हजार हा आकडा छोटा वाटेल, परंतु एका यंत्रापुढे किती जण बसत, याचा हिशोब विक्रीच्या आकड्यात येत नाही.

या सुमारास सरकारी धोरणही बदलत होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि आयातीचे निर्बंध सैलावले. १९८४-८५ मध्येच शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला. देशभरातील सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. शाळेतला संगणक मात्र पुष्कळदा कुलपात असे आणि आठवड्यातल्या तासाला बाहेर निघे. घरातल्या यंत्राची गोष्ट वेगळी. ते बिघडवण्याचे स्वातंत्र्य होते, आणि बिघडवण्यावाचून शिकणे होत नाही.

आता या चित्रातली अस्वस्थ करणारी बाजू. स्पेक्ट्रम इंग्लंडात बाजारात आला एप्रिल १९८२ मध्ये. त्याच्या तीन महिने आधी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लालबाग-परळमध्ये त्या वर्षी घराघरातून भांडी विकली जात होती. तिथल्या मुलाच्या हाती १७५ पौंडांचे यंत्र येण्याची शक्यता नव्हती. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत ते आले, तेही मोजक्या. काका आखातात असला तर, आत्या लंडनला असली तर.

शिवाय संगणक म्हणजे बेकारी, ही भीती केवळ गिरणगावाची नव्हती. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना साठच्या दशकापासून या प्रश्नावर लढत होत्या. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते. बँकांत यंत्रे किती आणि कोणत्या अटींवर बसवावीत, याचा करार झाला तो ८ सप्टेंबर १९८३ रोजी. तेव्हा एकाच घरात वडील युनियनच्या सभेला संगणकाविरुद्ध घोषणा देऊन येत आहेत आणि मुलगा टीव्हीसमोर बसून GO TO टंकत आहे, हे दृश्य अशक्य नव्हते. या दोघांपैकी एकाला मागासलेला आणि दुसऱ्याला दूरदर्शी ठरवण्याची घाई आपण करू नये. वडिलांची भीती निराधार नव्हती, हे परळच्या चिमण्या पाहिल्या की कळते.

गिरणगावात संगणक पोहोचला तो दुसऱ्या दाराने, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शिकवणाऱ्या वर्गांनी नव्वदच्या दशकात एकेक संगणक घेतला. तिथे तो छंद नव्हता. तास मोजून फी द्यायची, आणि नोकरी मिळेल या आशेने द्यायची. हौस करायला रिकामा वेळ लागतो आणि बिघडवायला परवडावे लागते. हौशी मंडळींच्या इतिहासाचे कौतुक करताना (माझ्या या धाग्यातही ते भरपूर आहे) हे विसरून चालणार नाही.

नक्कल करण्याच्या प्रश्नाकडेही सरळ पाहिले पाहिजे. ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घातलेले बिल गेट्स यांचे ‘हौशी मंडळींना उघड पत्र’ प्रसिद्ध आहे. तुम्ही आमचे सॉफ्टवेअर चोरता, मग चांगले सॉफ्टवेअर लिहिणार कोण, असा त्यांचा सवाल होता. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आला. म्हणजे स्पेक्ट्रमच्या कॅसेटची नक्कल कायद्याने गुन्हाच होती. पण मूळ कॅसेट विकत घ्यायला दुकान कुठे होते? जिथे विक्रीच नाही तिथे विक्रीचे नुकसान कसे मोजायचे? हा युक्तिवाद ऐंशीच्या दशकाला बऱ्याच अंशी लागू पडतो असे माझे मत आहे. पुढच्या काळाला तो लागू पडत नाही. नव्वदच्या दशकात नक्कल हा व्यापार झाला. २००९ मध्ये अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत लॅमिंग्टन रोडचे नाव आले. मित्राला फीत भरून देणे आणि गल्ल्यावर बसून सीडी विकणे यांत फरक आहे. कायदा तो पाहत नाही, इतिहासाने पाहावा.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्पेक्ट्रमची जागा पीसीने घेतली. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन ‘असेंबल्ड’ संगणक जुळवणे सुरू झाले आणि कॅसेटच्या जागी फ्लॉपी आली. फ्लॉपीबरोबर व्हायरस आले. १९८६ मधला ‘ब्रेन’ हा लाहोरच्या दोन भावांचा, त्यांनी त्यात स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. आपल्याकडचा प्रसिद्ध व्हायरस म्हणजे ‘जोशी’.

जून १९९० मध्ये भारतात तो प्रथम नोंदला गेला. कोणत्याही वर्षी ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकण्याची आज्ञा पडद्यावर येई. निमूटपणे शुभेच्छा दिल्या की संगणक पुढे चालू. न दिल्या तर बसा तसेच. हा जोशी कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. दादर-गिरगावच्या वाचकाला तो आपल्याच गल्लीतला वाटणार हे उघड आहे, पण जोशी गुजरातेत आहेत, राजस्थानात आहेत, कुमाऊंतही आहेत. आडनावावरून गाव ठरवण्याचा मोह आवरलेला बरा.

जोशीचा खरा खोडसाळपणा वेगळाच होता. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीत टिकून राही. लोकांना वाटे, रीस्टार्ट केले म्हणजे गेला. म्हणून उपाय तोंडोतोंडी पसरला तो असा: यंत्र मुख्य बटणाने बंद करा. थोडा वेळ थांबा. खात्रीच्या, लिहिण्यास बंद केलेल्या फ्लॉपीवरून सुरू करा. मगच साफ करणारा प्रोग्राम चालवा. सव्वापाच इंची फ्लॉपी लिहिण्यास बंद करायची म्हणजे कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. गंमत अशी की कॅसेटचे याच्या नेमके उलट होते. तिच्या कडेचे भोक चिकटपट्टीने बुजवले की पुन्हा रेकॉर्ड करता येई. एका माध्यमातून दुसऱ्यात आलेल्या माणसाची सवय किती वेळा उलटली असेल, कल्पना करावी.

याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे संगणक शिकणारे बंधू संजय यांनी ग्राहकांच्या यंत्रांवरील व्हायरस काढण्यासाठी छोटे प्रोग्राम लिहायला आरंभ केला. त्यातून पुढे क्विक हील झाले. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हे घराणे दुरुस्तीच्या टेबलावरून सॉफ्टवेअरकडे आले, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

मोडेम आल्यावर साखळी टेलिफोनवर गेली. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला संगणकीय सूचनाफलक चालू केला होता. मुंबईत नव्वदच्या सुमारास ‘लाइव्ह वायर’ सारखे फलक सुरू झाले. एका घरातला संगणक, एक फोन लाइन, एका वेळी एकच पाहुणा. प्रश्न टाकायचा, फोन ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून उत्तर पाहायचे. फायडोनेटमुळे रात्री एका फलकाची डाक दुसऱ्याकडे जाई. साधा टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागणाऱ्या शहरात ही चैनच होती.

१९९४ मध्ये दूरसंचार विभागाने अशा फलकांवर वर्षाला १५ लाख रुपयांच्या परवाना शुल्काची टांगती तलवार धरली. आधार १८८५ च्या तार कायद्याचा. घरातल्या खोलीतून, विनामूल्य, मित्रांसाठी चालणाऱ्या गोष्टीला पंधरा लाख. हौस आणि व्यवसाय यांतला भेद सरकारलाही दिसत नव्हता, असे म्हणायचे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले आणि फलक ओसरत गेले.

आता देवनागरीचा राहिलेला प्रश्न. गिरगाव हा छापखान्यांचा प्रांत. गणपत कृष्णाजींचे १८३१ चे पंचांग, जावजी दादाजींचे निर्णयसागर, खटाववाडीतले मौज. डीटीपी आले तेव्हा मराठी अक्षरे पडद्यावर सुंदर उमटू लागली. पण प्रत्येक कंपनीच्या फाँटची अंतर्गत मांडणी निराळी. एका छापखान्याची फाइल दुसऱ्याकडे उघडली की अक्षरांची भेळ. म्हणून मजकुराबरोबर फाँटही फ्लॉपीवर द्यावा लागे, मग तो मंडळाच्या अहवालाचा असो की लग्नपत्रिकेचा. इस्कीचे भारतीय प्रमाणक १९९१ चे, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ ची. प्रमाणक होते, ते घराघरात पोहोचत नव्हते.

इथे पुन्हा हौशी मंडळी दिसतात. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची सीडी अंकासोबत वाटली. मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचा गट जमला, अडलेल्याला मदत करणे हेच त्याचे काम. आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रा. जितेंद्र शहा यांच्या भोवती जमलेल्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट केला आणि लिनक्सच्या पडद्यावरील मजकूर मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. एकवीस चिन्हांत न मावणारी लिपी अखेर मावली. कुणाची परवानगी न घेता ती फ्लॉपीवर घालून मित्राला देताही येऊ लागली.

ज्या कामासाठी हा धागा लिहिला ते आता सांगतो. मेट्रोसाठी आणि पुनर्विकासासाठी गिरगावातल्या जुन्या इमारती उतरल्या. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींची जागा मनोरे घेत आहेत. घर रिकामे होते तेव्हा पोटमाळा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत रिकामा होतो. कॅसेटवर नाव ‘गेम्स २’ असते, म्हणून ती भंगारात जाते. मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी आधीच चढलेली असते.

आपल्या घरी, मामाकडे, शेजारी अशी कॅसेट निघाली तर ती लगेच वाजवू नका. झाकणाच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती तशीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा, कारण वाजवल्याने हेडही खराब होतो आणि फीतही तुटते. स्वच्छ असेल तर दोन्ही बाजू एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्या, हेड पुसा, आणि रेकॉर्डरची वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडून ४४.१ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल म्हणून नोंदवा. एमपी३ करू नका, त्यात नेमक्या गरजेच्या कडा गुळगुळीत होतात. ती फाइल पुढे टीझेडएक्स स्वरूपात आणून आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये चालवता येते.

कॅसेटच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. त्यावर खोडलेली नावे असतील तर तीही टिपा. खालच्या थरात आशा भोसले असतील आणि वर कुणीतरी ‘चेस’ लिहिले असेल. मालकाला विचारा की ही कुणाकडून भरून घेतली होती, कोणत्या साली, आणि त्या माणसाचा रेकॉर्डर कोणत्या कंपनीचा होता.

रेकॉर्डरही घरात असेल, तर त्याच्या हेडशेजारच्या स्क्रूला हात लावू नका.